आई नाव घेत नाही

रवि., १२ जाने. ५८
'म्हाताऱ्यांच्या आश्रमाच्या ओट्यावर ताटकळणाऱ्या भावाबहिणींनो, आपली म्हातारी माणसं आत तपासतात आणि आपल्याला दाराबाहेर बसवतात!' असं सुरू करणार होतो. सभा गाजवणारा मी, गप्प बसलो. आपणच आणून सोडलंय, हे सगळ्यांच्या तोंडावर. आई विहिरीत उतरू बघायची, बायकोचा डोळ्याला डोळा लागेना. इलाज नव्हता. तरीही…
व्यवस्थापक म्हणाले, "आईंना नवऱ्याचं नावसुद्धा सांगता येत नाही. महिनाअखेर डॉक्टर येतील. असंच राहिलं तर वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल."

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. अलिबागला अक्काकडे. हळदीकुंकू आटोपल्यावर बहिणीला सगळं सांगितलं. उसळलीच. "मेल्या, आईनं बाबांचं नाव कधी घेतलंय? 'इकडून' म्हणायची. परक्या पुरुषासमोर आता घेईल?"
स्त्रियांच्या हक्कांवर इतकी भाषणं केली. हे सुचलं नाही.

रवि., १९ जाने.
अक्काही आश्रमात आली. मला पाहून आईनं पदर डोक्यावर ओढला. "भावोजी, कधी आलात?"
अक्का म्हणाली, "आई, उखाणा घे ना."
आई हसली. किती दिवसांनी! मग सुरात, "पाटाला पाणी आलं, पोफळी गेली न्हाऊन…"
थांबली.
"पुढे?"
"इश्श! सासूबाई आत आहेत."
आजी कधीच गेली. अक्का म्हणते, आई लाजली. मला तिचे डोळे काहीतरी शोधताना दिसले. परतताना मोटारीत भांडलो. अक्का म्हणाली, "तुला ती वेडीच हवीय. म्हणजे सोडून आल्याचं काही वाटायला नको."
 

मंगळ., २१ जाने.
पुन्हा आश्रमात. डॉक्टर येतील तेव्हा आईजवळ बसू द्या म्हटलं. व्यवस्थापक म्हणाले, तपासणीच्या वेळी नातेवाईक आत नकोत, नियम आहे. ओट्यावर थळचा एक कोळी भेटला. त्याच्या बापाला इंग्रजी तारीख विचारतात. म्हातारा जन्मभर तिथीवर भरती-ओहोटी सांगत आलाय. मी म्हटलं, प्रश्नच चुकीचा.
"म्हंजे आमचा बा येडा न्हाय?"
काय सांगू? मलाच माझ्या आईचं कळत नाही. नाव खरंच विसरली असेल, तर ते आमच्या देखत ठरावं, इतकंच.
रविवारी मात्र ओट्यावर सगळ्यांपुढे बोलणार. एकच मागणं: डॉक्टर येतील त्या दिवशी सगळे या, आणि प्रश्न विचारून होईपर्यंत आपल्या माणसाच्या शेजारून उठू नका.