बर्फावर वाळत घातलेली चादर

प्रिय धाकट्या,

तुझा ड्रायव्हर पुढच्या खोलीत बसलाय. त्याला चहा दिलाय, दुसराही देईन, कारण हे पत्र लवकर संपेल असं दिसत नाही. तो आधी घड्याळाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मी मान वर केली की भिंतीकडे. साहेबांनी लगेच परत बोलावलंय म्हणे. तुला कोणी साहेब म्हटलं की मला अजून मागे वळून बघावंसं वाटतं, कोण आलंय म्हणून. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? ताई तब्येत कशी आहे इथून सुरुवात करतोस आणि माझं उत्तर यायच्या आत चल नंतर करतो इथे पोचतोस. कागद मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, कान अर्धे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. दुपारी मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसते, तिथून खालचा ओढा दिसत नाही, आणि त्याचा आवाज का येत नाही म्हणून रोज विचारते. मी सांगते, अगं तुझे कान गेलेत. ओढा आटलाय हे तिला सांगायचा मला धीर होत नाही. ज्या ओढ्यावर तिने आणि बाबांनी ही लाँड्री उभी केली, तो ऐन उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडलाय हे त्या म्हातारीला कोणत्या तोंडाने सांगू? इस्त्रीवाली मावशी, जिच्या मांडीवर आपण दोघं वाढलो, ती येते, बसते, हात चोळते आणि घरी जाते. इस्त्री करायला आधी काही धुतलेलं लागतं ना. हॉटेलवाल्याने त्याचे कपडे शहरात द्यायला सुरुवात केली. दवाखान्यातली बाई अजून धीर धरून आहे, पण तीही किती धरणार. पाणी आलं नाही तर लाँड्री बंद, एवढं सरळ गणित आहे.

तुला बाबांची ती सकाळची चादर आठवते का? गच्चीवरच्या सगळ्या दोऱ्या भरण्याआधी ते एकच पांढरी चादर वाळत घालायचे. गावातल्या चुली, बेकरी, खालच्या वीटभट्ट्या, आज कोणाचा धूर आपल्याकडे वळलाय ते ती चादर सांगायची. चहा होईपर्यंत ती फडफडायची आणि मग बाबा तुला हाक मारायचे, कारण तुझं नाक आमच्या सगळ्यांत तिखट. तू चादरीवरून बोट फिरवायचास, बोट डोळ्यांसमोर धरायचास, नाकाला लावायचास आणि मोठ्या डॉक्टरच्या तोऱ्यात निकाल द्यायचास, घाला किंवा थांबा. तू थांबा म्हणालास की खाली हॉटेलचा माणूस कितीही आदळआपट करो, बाबा साधा रुमालसुद्धा बाहेर काढायचे नाहीत. लाकडाची काजळी झटकली की जाते, कोळशाची साबणाने निघते, आणि जळक्या तेलाची चिकट असते, चोळावी तेवढी पसरते, हे मला तूच शिकवलंस. आणि तोच तू मोठा होऊन वीटभट्टी काढतोस आणि तिच्यात फुटके टायर आणि गॅरेजमधलं टाकाऊ तेल जाळतोस. आम्ही सगळे मिळून तुझ्या नाकाचं एवढं कौतुक करत होतो, ते त्या नाकाला बहुधा मानवलं नाही.

सुरुवातीला तुझा धूर सगळ्या गल्लीच्या नाकातोंडात जायचा. चादरी काळ्या, पोरं खोकतायत, बायका खिडक्या लावून आत शिजतायत. गल्ली तुझ्याशी भांडायला आली तेव्हा सर्वांत पुढे मीच होते. तू ऐकलंस, हे मी नाकारत नाही. उंच धुराडं बांधलंस, टोक बघताना मानेला रग लागावी इतकं उंच. ते सुरू झालं त्या सकाळी मी चादर घातली, बोट फिरवलं आणि बोट स्वच्छ आलं. गल्लीने तुला डोक्यावर घेतलं. धूर गेला, एवढ्यावर आम्ही खूश. गेला तो कुठे गेला, हे एकालाही सुचलं नाही. चादर पांढरी म्हणजे हवा स्वच्छ, हा आम्हा परटांचा हिशेब. दुसऱ्या कोणी निदान मान वर करून पाहिलं असतं, आम्ही मात्र दोऱ्यांकडे बघत बसलो.

त्यानंतर ओढा बिघडत गेला. पूर्वी तो उन्हाळाभर एका चालीने वाहायचा, हात बधिर करणारं गार पाणी, वरच्या कड्यावरचा बर्फ जसा वितळेल तसं. बाबा म्हणायचे, आपली खरी टाकी वर आहे, ही खालची नुसती बादली. मग तो थंडी सरायच्या आतच धावत यायला लागला, गढूळ आणि माजलेला. एका वर्षी त्याने हौदाची भिंत फोडली, ती तूच तुझ्या विटांनी बांधून दिलीस आणि वर पैसे घेतले नाहीस म्हणून आई महिनाभर सांगत सुटली होती. जेवढं पाणी लवकर यायचं तेवढं उन्हाळ्यात कमी पडायचं. यंदा उन्हाळ्यात काहीच उरलं नाही.

आता तुझ्या भाचीबद्दल. ती वरच्या हवामान केंद्रात नोकरी करते हे तू सगळ्यांना छाती फुगवून सांगतोस. तिचं ऐकतोस का, हा वेगळा प्रश्न. तिने मला पहिल्यांदा सांगितलं की कड्यावरचा बर्फ पांढरा राहिलेला नाही, मामाच्या उंच धुराड्यातली काजळी वाऱ्याने तिथे जाऊन बसते, तेव्हा मी तुझीच वकिली केली. म्हटलं, हवा साऱ्या जगाचीच तापतेय, त्यात एकटा मामा काय करणार. तिने मला वेड्यात काढलं नाही. म्हणाली, जगाची तापतेय हे खरं, आणि प्रत्येक धुराड्यातून जो न दिसणारा वायू जातो तो त्या तापण्यात भर घालतोच. पण काजळी त्याहून उतावीळ आहे. ती हवेत असेपर्यंत ऊन पिते आणि हवा तापवते, आणि खाली बसली की ज्याच्यावर बसते त्याला तापवते. मला नीटसं कळेना. मग तिने विचारलं, आई, दोरीवर आधी काय वाळतं, वेटरची पांढरी पँट की काळी? काळी आधी वाळते, हे मला काय विचारायचं. पांढरं ऊन परत फेकतं आणि काळं अंगात मुरवून घेतं. मामाने बर्फाला काळी पँट घातलीय, ती म्हणाली. बर्फ वितळला की खालचा काळा खडक उघडा पडतो, तो आणखी तापतो आणि शेजारचा बर्फ खातो. एकदा सुरू झालं की मग कोणाच्या हातात राहत नाही. मला हसू आलं आणि मग जेवण गेलं नाही.

तरीही मी हट्टाने म्हटलं, ती काजळी त्याचीच कशावरून. तेव्हा तिने कपाटातून बाबांची ती जुनी चादर काढली आणि पुढच्या वेळी वर जाताना सोबत नेली. आपल्याच पद्धतीने, धाकट्या. बर्फावर अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, यंत्रांची नोंद होईपर्यंत राहू दिली आणि घडी करून आणली. मी ती गच्चीवर उलगडली. बोट फिरवलं, चोळलं. पसरलं. नाकाला लावलं. तोच जळक्या तेलाचा आणि रबराचा वास, तुझ्या भट्टीचा.

पोर ती चादर घेऊन तुझ्याकडे आली होती. टायर बंद कर, धूर गाळायची जाळी बसव, निदान ओली लाकडं तरी जाळू नकोस, असं तिने हात जोडून सांगितलं. तू तिला बिस्किटं दिलीस आणि म्हणालास, काजळीवर काय नाव लिहिलेलं असतं का. नसतं रे. वास असतो, आणि तो ओळखणारं नाक तुझ्या तोंडावर आहे. तू म्हणशील, खोऱ्यात बाकीच्याही भट्ट्या आहेत. आहेत. तू म्हणशील, ताईच्या बंबातून काय अत्तर निघतं का. नाही, त्याचाही धूर वर गेला असेल, तोही मी जमेस धरते. माझा बंब आता विझलाय. तुझं मात्र दुसरं धुराडं तयार झालंय, पहिल्याहून उंच, आणि उद्या त्याचं उद्घाटन. गावातले लोक म्हणतात, आता तर खाली काहीच पडणार नाही.

हे सगळं लिहायला बसले ते आज सकाळी तुझं गाठोडं आलं म्हणून. आत उद्घाटनाचे टेबलक्लॉथ आणि खुर्च्यांची पांढरी आवरणं आहेत असं ड्रायव्हर म्हणाला, आणि वर ताईसारखं पांढरं दुसऱ्या कोणाला जमत नाही हा निरोप. निरोप ऐकून क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग खिडकीतून पाहिलं तर ड्रायव्हर गाडीने आलाच नव्हता, टँकर घेऊन आला होता. कपड्यांबरोबर तू धुवायला पाणीही पाठवलंस. म्हणजे ओढा आटलाय हे तुला माहीत आहे. फोनवर तब्येत विचारत होतास तेव्हाही माहीत होतं. त्या पाण्यातलं मी थोडंसंच घेतलं. ड्रायव्हरला मागे नेऊन ओट्याखालच्या कोरड्या दगडांवर पाइप सोडायला लावला. आईने खुर्चीत मान वळवली आणि म्हणाली, आला बघ ओढा. म्हणजे तिचे कान तेवढे गेलेले नाहीत. मी पाइप बंद करायला सांगितला तेव्हा ती खुर्चीतून उठून ओट्याच्या कडेशी आली आणि खाली वाकून बघायला लागली. तेव्हा आता मला तिला खरं सांगावं लागेल, आणि ते मी तुझ्या नावासकट सांगणार आहे. लाँड्रीची पाटी मघाशी उतरवली. टँकर आणि गाठोडं परत पाठवते आहे, गाठीला हात लावलेला नाही. वर बाबांची चादर ठेवलीय, कड्यावरून आली तशीच, न धुता. ती उद्या मधल्या टेबलावर अंथर. सगळे पाहुणे बसले की एकदा तिच्यावरून बोट फिरव, नाकाला लाव, आणि लहानपणी सांगायचास तसं मोठ्याने सांग, घाला की थांबा.

तुझीच,
ताई