मूळ सूर सोडून

३ मार्च
हो, शिकणार म्हणजे शिकणार! लेकीला तेच सांगितलं. "आई, या वयात?" म्हणे. तारा काय बोटांचं वय विचारतात? हे गेल्यापासून त्यांची गिटार भिंतीला टेकून आहे. लेकीला ती ह्यांच्या म्युझिक क्लबला द्यायचीय — काचेच्या कपाटात ठेवणार. मी अडून बसले. शेवटी म्हणाली, "तेवीस तारखेला बाबांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. त्यांची धून तिथे वाजवलीस तर ठेव." लागली पैज!

४ मार्च
भावजी आले. ह्यांच्या जोडीला तीस वर्षं बेस, म्हणजे जाड सुरांची गिटार, वाजवलीय त्यांनी. धून सोपी, पण शेवटाच्या जरा आधी थर्टीन नावाची कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सूर. ह्या जातीची साधी कॉर्ड चार सुरांची, हिच्यात वर आणखी तीन. सात सूर! तारा सहा, बोटं चार. मी अंगठा घातला, मग हनुवटी टेकवली. भावजी खुर्चीतून पडायचे बाकी होते.
"अहो वहिनी, सगळे नाही वाजवायचे! मूळ सूरसुद्धा सोडा. तो माझ्याकडे."
"आणि तुम्ही डुलकी काढलीत तर?"

९ मार्च
करंगळी सुजली. कॉर्ड नाही.

१४ मार्च
लागली! दांड्यावरची तिसरी पट्टी, चौथी, मग पाचवीवर दोन बोटं. दुपार होती, पडदा हलत होता. खालून भावजींचा एकच जाड सूर आला नि माझे चार वर तरंगत राहिले — उन्हात उडणाऱ्या धुळीच्या कणांसारखे, कुठे टेकेचनात. तिथून पुढच्या कॉर्डवर उतरायचं असतं, भावजी त्याला घरी येणं म्हणतात. मी उतरलेच नाही.
"चला वहिनी, घरी या आता."
"थांबा हो! घरात काय ठेवलंय?"
बराच वेळ तशीच बसले. चहा गार झाला.

२० मार्च
लेकीने दारातून ऐकलं. डोळे पुसत म्हणाली, "बाबांवर किती जीव गं तुझा." मी मान खाली घालून तारा पुसत राहिले.

२३ मार्च
वाजवली! करंगळी एकदा घसरली, भावजींनी सांभाळून घेतलं. लेकीने स्वतः गिटार उचलून घरी आणली.

२४ मार्च
आता लिहूनच टाकते. चाळीस वर्षांत ह्यांनी मला गिटारला हात लावू दिला नाही. त्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गेले." सगळे रडत होते. माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच — आता गिटार माझी.