सत्तर अक्षरं

३ मार्च, मंगळवार

घसा अजून खवखवतोय. केसांचा वास दोनदा धुऊनही जात नाही.

सकाळी अकरा वीसला नगरपालिकेच्या जनसंपर्क कक्षात फोन. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह गेला. वारा नेमका वस्तीकडे! अग्निशमनप्रमुख मुखवट्यातूनच बोलत होते — अर्धं कळत होतं, अर्धं नाही. "दारं-खिडक्या लावून घरात बसा म्हणावं. आणि खाली कुणी असेल, तळघरात वगैरे, त्याला वर जायला सांगा." दोन्ही वाक्यं मसुद्याच्या कागदावर लिहून घेतली.

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे. "एकच मेसेज जाऊ द्या. दोन पाठवले की दुसरा आधी पोचतो." तेही खोटं नाही. मागे पाणीकपातीच्या वेळी तस्सं झालं होतं, आठवडाभर शिव्या खाल्ल्या. एकच एसएमएस म्हणजे मराठीत सत्तर अक्षरं. आमचं यंत्र काना, मात्रा, अनुस्वार, मधली मोकळी जागा — सगळं वेगळं मोजतं. एवढ्याशा जागेत काय काय कोंबणार?

११.४१ला पाठवला. "क्लोरीन वायू गळती. दारे-खिडक्या बंद करून घरातच थांबा. घाबरू नका." चाळीस हजार फोन. एकवीस मिनिटांत! साहेब म्हणाले, "शाब्बास."

दीडला व्हॉल्व्ह बंद झाला. त्रेसष्ट जण दवाखान्यात, सगळे शुद्धीवर. वार्ताहरांना तसं सांगितलंही.

पाचला पुन्हा फोन. बाजारपेठेतल्या एका इमारतीच्या तळघरात माणूस सापडला. पुस्तकं बांधायचं दुकान होतं त्याचं. शटर आतून ओढलेलं. फटीला ओली फडकी लावलेली — व्यवस्थित, कोपऱ्यांतसुद्धा.

४ मार्च, बुधवार

प्रेसनोट. मी लिहिलं, "एकाचा मृत्यू." साहेबांनी पेनाने "एकाचा"च्या आधी "केवळ" घातलं. मी खोडलं. त्यांनी परत घातलं. तसंच छापून आलं.

५ मार्च, गुरुवार

लेक पेपर वाचत होती. म्हणाली, "आई, क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. खाली साचतो. आम्हाला नववीला आहे." 

मी म्हटलं, माहितीये.

"मग त्या काकांना कुणी सांगितलं नाही का?"

नवऱ्याने तिला डोळ्यांनी गप्प केलं. ती गप्प झाली. मला ते जास्त लागलं.

ऑफिसात गेल्या गेल्या कागद घेतला आणि मोजत बसले. "घाबरू नका." — टिंबासकट दहा. "तळघर सोडा." — टिंबासकट दहा.

परत मोजलं. मग बोटांवर मोजलं, लहान मुलांसारखं. दहाच्या जागी दहा. बसत होतं.

साहेब म्हणाले होते एकच मेसेज. त्यात काय ठेवायचं नि काय गाळायचं, ते माझ्यावर होतं. वीस वर्षं "घाबरू नका" लिहीत आले. बोटं आपोआप तिकडे वळतात.

६ मार्च, शुक्रवार

हेल्पलाइनच्या व्हॉट्सॲपवर त्या दिवसाचे दोन हजारांवर मेसेज पडून. कुणी वाचलेलेच नाहीत. त्या दिवशी कोण वाचणार होतं? म्हणूनच तर मी आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं होतं.

आज एकेक उघडत बसले. "शाळा सुटली का", "पाणी येणार का", "कुत्र्याला आत घेऊ का". मग हा —

११.५२. "मी बाइंडिंगच्या दुकानात आहे. तळघरात. इथेच थांबू की वर येऊ?"

११.५२. आमचं उत्तर. "आपला संदेश मिळाला. कृपया आहात तिथेच थांबा. धन्यवाद."

११.५३. "बरं. थांबतो."

ऑफिसातले पंखे चालू होते. कुणीतरी हसत होतं पलीकडे. मी फोन उलटा ठेवला.

७ मार्च, शनिवार

साहेबांना तो मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "फोनची जागा भरली असेल ना? जुनं काय काय साठून राहतं. साफ करून टाका."

एवढंच. काढून टाका असं ते म्हणाले नाहीत. तसं ते कधीच म्हणत नाहीत.

मी साफ केलं. सगळं नाही. तेवढं एकच.

९ मार्च, सोमवार

बाइंडरची बायको आली. चाळिशीची असेल. बोटांच्या टोकांवर सुईचे घट्टे. दाखल्यासाठी आली असेल म्हणून मी समोरच्या टेबलाकडे हात केला. ती माझ्याच समोर बसली.

"ताई, लोकांचे मेसेज तुमच्याकडेच येतात ना?"

"हो."

"मालकांनी काही पाठवलं होतं का? मला फोन लावला असणार त्यांनी, पण लागतच नव्हते ना कुणाचे. गप्प बसणारा माणूस नव्हता तो. कुणाला तरी विचारलंच असेल."

मी म्हणाले, "तशी नोंद नाही."

तिने मान हलवली. पाणी मागितलं. प्याली. गेली.

नोंद नाही! खोटंही नाही बघ. कालपरवाच तर मी ती पुसली.

१२ मार्च, गुरुवार

संध्याकाळी घरी एकटीच. खालून बेल वाजली. इंटरकॉमचा रिसीव्हर उचलला तर लेकीचा आवाज — "आई, मैत्रीण आलीये गं, अभ्यासाला चाललोय. वही वर राहिलीये. इथेच थांबू की वर येऊ?"

माझ्या हातून रिसीव्हर सुटला. तारेला लोंबकळत राहिला आणि त्यातून ती हाका मारत होती — "आई? ए आई? थांबू का?" मी चार मजले अनवाणी उतरले. दोघी दारात उभ्या, दप्तरं पाठीला. लेकीला मैत्रिणीसमोर इतकी लाज वाटली की रात्री जेवताना बोलली नाही.

१७ मार्च, मंगळवार

बाइंडरची बायको परत आली. काही काम नव्हतं. "इथून चालले होते," म्हणाली. तिच्या घरावरून बाजाराला जाताना आमचं ऑफिस वाटेत लागत नाही.

नवऱ्याबद्दल बोलली. वीस वर्षं दोघं मिळून पुस्तकं बांधायची. ती फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायची, तो गोंद आणि पुठ्ठा करायचा. "मला वाचता येत नाही ताई. पण पान पुढंमागं झालं तर हाताला कळतं." शाळेच्या लायब्ररीची दोनशे पुस्तकं तशीच उघडी पडलीत म्हणे, दोरा अर्धा आत नि अर्धा बाहेर. शाळावाले घाई करतायत. ती जाऊन बसते, पण खाली उतरवत नाही. पुस्तकं कुणाकडून तरी वर मागवून पायरीवर बसून शिवते.

"तळघरातून हाक आली तर वर ऐकू येते का हो?" हे तिने मला विचारलं. मला का विचारावं?

उठताना म्हणाली, "तुमची तब्येत बरी दिसत नाही. सांभाळा."

१८ मार्च, बुधवार

झोप नाही. कुणी नुसतं "बरं" म्हटलं तरी दचकते. दिवसातून किती वेळा म्हणतात लोक बरं!

२० मार्च, शुक्रवार

अग्निशमनप्रमुख जिन्यात भेटले. खोकला राहिलाय त्यांचा अजून. बाजूला घेऊन म्हणाले, "मी तुम्हाला खालच्या लोकांचं बोललो होतो ना? का आवाज पोचला नाही? मुखवटा होता तोंडावर... मी रोज आठवून बघतो. बहुतेक नीट बोललो नसेन."

तो माणूस सतरा दिवस स्वतःला खातोय! एक शब्द बोलायचा होता — पोचला. तेवढंच.

मी म्हणाले, "गडबड होती हो सगळी." आणि पायऱ्या उतरले.

२४ मार्च, मंगळवार

चौकशी समिती नेमली. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "सगळ्यांनी एका सुरात बोलायचं. सूचना वेळेत गेली. एकवीस मिनिटं. हा आकडा सोडायचा नाही." माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडमना काही शिकवायची गरज नाही. पत्रकारांना इतकी वर्षं पाणी पाजलंय त्यांनी."

सगळे हसले. मीसुद्धा.

मसुद्याचा कागद अजून माझ्या खणात आहे. दोन्ही वाक्यं, माझ्या अक्षरात. फाडायला तीनदा काढला. परत ठेवला. हिंमत कशाची नाही तेच कळत नाही — फाडायची की दाखवायची?

२७ मार्च, शुक्रवार

हे लिहू नये असं वाटतं. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

दुपारी बाइंडरची बायको आली. पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून फोन. पोलिसांनी परत दिला म्हणाली. माझ्या टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी, एखादी काचेची वस्तू ठेवावी तसा.

"उघडून ठेवलाय. शेवटचं जे लिहिलंय ते वाचून दाखवा ताई. तुमच्याच ऑफिसचं आहे म्हणतात."

आमच्याकडून पुसलं म्हणजे जगातून पुसलं गेलं — असं मला खरंच वाटलं होतं का? इतकी वर्षं या कामात काढून!

तेच तीन मेसेज. तीच वेळ. समोर ती, हात मांडीवर, मान किंचित पुढे, बहिऱ्या माणसासारखी. मी ठरवलं वाचायचं. देवाशपथ ठरवलं होतं. तोंड उघडलं. आणि मी वाचलं —

"इकडे सगळं ठीक आहे. घरी सांगा, काळजी करू नका म्हणावं."

आवाजसुद्धा कापला नाही. सवय! ज्या आवाजात लाउडस्पीकरवर बोलते, त्याच आवाजात. तिला बरं वाटावं म्हणून वाचलं, असं जिना उतरेपर्यंत स्वतःला सांगत होते. शेवटच्या पायरीशी तेही संपलं.

तिने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"आणि तुमच्याकडून काय गेलं त्यावर?"

"काही नाही. गर्दी होती ना."

"बरं," ती म्हणाली. फोन रुमालात गुंडाळला. गाठ मारली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला क्षणभर. अजून तिथे जड लागतंय.

२८ मार्च, शनिवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो एवढंच म्हणाला, "तिच्याकडे जा."

गेले. दार बंद होतं. शेजारीण म्हणाली, माहेरी गेलीये, गुरुवारी येईल. गुरुवारी समिती आहे.

१ एप्रिल, बुधवार

मसुद्याचा कागद पर्समध्ये ठेवला. उद्या काय होईल माहीत नाही. साहेबांचा तीनदा फोन. उचलला नाही.

२ एप्रिल, गुरुवार

समितीने माझ्याआधी तिला बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, काही सांगायचंय का? ती उभी राहिली. हातात काही नव्हतं. मला वाचता येत नाही, म्हणाली, पण फोन मिळाला त्याच दिवशी पुतणीकडून वाचून घेऊन पाठ केलंय. आणि म्हणून दाखवलं — वेळेसकट, प्रश्न, आमचं उत्तर, त्यांचं "थांबतो". एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मग माझ्याकडे बोट केलं. "मी मागच्या शुक्रवारी हेच यांना वाचायला दिलं होतं. यांनी काय वाचलं, तेही लिहून घ्या." आणि तेही म्हणून दाखवलं. माझ्याच आवाजाच्या चालीत.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "हे खरं आहे?"

मी पर्स उघडली. कागद टेबलावर ठेवला आणि हो म्हणाले.