वितीला पेर

३ मार्च

वर्ष झालं आज! मागच्या मार्चात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, बोटं हलती ठेवा, नाहीतर आखडतील." म्हटलं, जीभ हलती आहे तेवढं पुरत नाही का? हसल्या नाहीत. मग मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारच्या मॉडेलवाल्यांत जाऊन बसले. दहा-बारा रिटायर पुरुष, सगळ्यांच्या बोटांना डिंक. बाई मी एकटी आणि निरक्षरही मी एकटीच.

आता पंधरा दिवसांनी प्रदर्शन. ड्रॉइंगचे सर म्हणाले, प्रत्येकाने वर्षाचा आढावा लिहून आणा. मी सांगते, सूनबाई लिहिते. सरांना त्यातलं एखादं पान देईन, बाकी वही माझी. तिला बजावलंय, मध्येच सुधारायचं नाही.

४ मार्च

आढावा. पहिलं केलं ते जहाज. पेटीत शंभरावर तुकडे आणि एक छापील कागद. मला त्यातली चित्रं तेवढी कळली. शिडं उलटी बसली. घड्याळवाले — हे आमच्या ग्रुपातले, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेले — म्हणाले, "बाई, हे जहाज मागे जाईल." म्हटलं, पुढे जाऊन कुणाचं भलं झालंय?

दुसरं, पाण्याची टाकी. तिसरं, कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकान. आरशाला चॉकलेटची चांदी लावली. न्हावी स्वतः बघायला आला. म्हणे, "खुर्ची झकास, पण गिऱ्हाईक कुठंय?" "तुझ्याकडे तरी कुठंय?" तेव्हापासून माझ्याशी कट्टी.

मुलगा म्हणाला, "म्हातारपणी भातुकली!" हा बांधकाम कचेरीत. लोकांच्या घरांचे नकाशे पास करतो. आईचं घर पुठ्ठ्याचं, म्हणून हसतो.

५ मार्च

चौथं आमचं घर. मागच्या जूनमध्ये धरलं, ऑगस्टात झालं.

सगळे इंच-सेंटीमीटर करतात. मला मोजता येतं, आकडे वाचता येत नाहीत. मग मी माझंच माप काढलं. घराची एक वीत म्हणजे मॉडेलचं एक पेर. वितीला पेर! सरांनी आधी माझं बोट बघितलं. मग म्हणाले, "प्रमाण ते प्रमाण." दिवसभर वीत ताणून बोटं ठणकायची, म्हणून माझ्या वितीएवढी पुठ्ठ्याची पट्टी कापली आणि तीच भिंतीवर टाकत गेले. प्रत्येक भिंत खाली एकदा मोजायची, वर माळ्याजवळ एकदा. घड्याळवाल्यांची शिकवण. "जुनं घर आणि जुना माणूस, दोन ठिकाणी तपासावा."

आमचं दोन्हीकडे सारखं भरलं. मागच्या खोलीची डावी भिंत सोळा खाली, सोळा वर; उजवीही तशीच.

८ मार्च

बोका बसला! नेमका मॉडेलवर! मागच्या खोलीची डावी भिंत पापड. सूनबाई हसायला लागली आणि मग माझं तोंड बघून थांबली. आता नवी भिंत करणं आलं. पट्टी कुठं ठेवली देव जाणे, पण वीत माझ्यापाशी आहे.

९ मार्च

नवी भिंत बसत नाही. खाली जास्त, वर त्याहून जास्त. स्टुलावर चढून पुन्हा मोजलं, सूनबाईने पाय धरले. तेच.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, घर वाढत नसतं. तुझी वीत आखडली."

असं कसं बोलला!

१० मार्च

पट्टी सापडली, शिवणाच्या डब्यात. तिच्यावर हात ठेवला. अंगठा टोकाला लावला, करंगळी ताणली... पोचेना! अर्धं बोट कमी.

माझा हात माझ्यापेक्षा लहान झाला आणि मला कुणी सांगितलंही नाही.

चहा न घेता बसून राहिले.

११ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणतात, होतं असं. वय. मी विचारलं, आणखी काय काय आखडलंय ते एकदाच सांगा. या खेपेला हसल्या.

मुलगा खूश. "बघ, भिंत बरोबरच होती."

१२ मार्च

सकाळी दात घासताना लख्ख डोक्यात आलं. हात आखडला तर खालचं आणि वरचं सारखंच चुकेल. मग वरचं जास्त कसं भरेल? हाताला कुठं कळतंय वर काय नि खाली काय!

चूळ तशीच तोंडात ठेवून मागच्या खोलीत गेले. पट्टी आखडत नाही. पट्टी टाकली. खाली सोळा. बरोब्बर. वर सोळा आणि तीन बोटं. समोरची, उजवी भिंत मोजली. खाली सोळा, वर सोळा आणि तीन बोटं.

दोन्ही भिंती वरच लांब भरतात, म्हणजे त्यांना जोडणारी मागची भिंत बाहेर कलली आहे! तिच्या पलीकडे काय, तर शेजारच्या प्लॉटवरचा खड्डा. तळघरासाठी डिसेंबरापासून यंत्र खणतंय, कपबश्या वाजतात. आणि या भिंतीला डोकं लावून माझा मुलगा आणि सून झोपतात, वर भरलेला माळा.



१३ मार्च

मुलाने मोजायचं यंत्र आणलं. काडेपेटीएवढं, लाल ठिपका टाकतं. जमिनीवर ठेवलं, बटण दाबलं. "नकाशाप्रमाणे आहे."

"वर धर की."

"आई, वीत हे माप नाही."

"मग तुझ्या मापाने वर मोज! शिडी आणते."

खड्ड्याचं नाव काढलं तर चिडला. "रीतसर परवानगी आहे त्याला. कागद पक्के आहेत." इतका का चिडला? ताट अर्धं टाकून उठला. लहानपणी चोरी पकडली की असाच उठायचा, असं म्हणणार होते. सूनबाई म्हणते, हे कशाला लिहायचं? लिही.

१४ मार्च

मी दुखणं काढलं. छातीत धडधडतं, एकटीला भीती वाटते, दोघंही पुढच्या खोलीत झोपा. मुलगा कुरकुरला, पण गाद्या आणल्या. रात्रीचं निभलं. दुपारी सूनबाईला मागे पडायची सवय, तिला या वहीला जुंपलंय. तिला सगळं ठाऊक आहे. "सासूबाई, या नाटकाला पैसे मोजले असते लोकांनी." पण तीही मागे जात नाही. माळ्याकडे बघते आणि पुढे येते.

१५ मार्च

घड्याळवाले येऊन गेले. स्वतः शिडीवर चढले, या वयात! उतरले ते घाम पुसत. "बाई, तुमची पट्टी बरोबर आहे. चिरंजीवांना उद्याच सांगा." सांगितलं की हो! तो म्हणतो, घड्याळजीला भिंतीतलं काय कळतं.

१७ मार्च

दुपारचे दोन. सूनबाई जांभया देते आहे, तेही लिही म्हटलं. सरांच्या पानासाठी काय ठेवायचं ते ठरवते. जहाज नको. न्हावी ठेवावा, लोक हसतील. टाकीचं थोडक्यात, कारण तिचे तीनच पाय मी करू शकले आणि चौथा — अगं, हे काय वाजलं? लिहू नकोस, ऊठ, ऊठ आधी

१८ मार्च

माळा खाली आला. सगळा. पितळेचे हंडे, ट्रंका, जुनी गादी, सगळं पलंगावर. पलंगाचे दोन तुकडे. भिंत मधोमध उभी फाटली, फटीतून खड्ड्यातलं यंत्र दिसतं. चालवणारा वर तोंड करून बघत होता, तोंड उघडं.

सूनबाई उशीच्या जागी पडलेल्या हंड्याकडे बघत राहिली. मग माझा हात धरला. अजून सोडलेला नाही, वही मांडीवर ठेवून एका हाताने लिहिते आहे.

आम्ही घड्याळवाल्यांकडे आलोय. निघताना मॉडेल उचलून आणलं मी. दागिने राहिले!

मुलगा धावत आला. पलंग बघितला. चौकटीत खाली बसला. मी त्याला कधी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

१९ मार्च

तो जेवत नाही. बायकोकडे बघत नाही. मला वाटलं, धक्का बसलाय. बसणारच.

२० मार्च

सकाळी माझ्या पायाशी येऊन बसला. "आई, त्या खड्ड्याच्या परवानगीवर सही माझी आहे. जागेवर जाऊन पाहायला हवं होतं. गेलो नाही. म्हटलं, शेजारचंच तर आहे, रोज दिसतं."

खड्डा खणण्याआधी भिंत सरळ होती याचा या मॉडेलशिवाय दुसरा पुरावा नाही म्हणाला, आणि मॉडेल दोन्ही हातांत धरून कचेरीत गेला, स्वतःचं सांगायला. सूनबाई विचारते, नोकरी गेली तर?

मी त्याला जा म्हटलं नाही. थांब असंही तोंडातून निघालं नाही.