मुंडाशावरचा बिब्बा

आप्पा,

काल दुकानात एक माणूस आला. शिक्रापूरच्या कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर आहे, तिशी ओलांडलेला, मिशा राखलेला, गळ्यात कंपनीचं कार्ड. कंपनीत ‘ट्रॅडिशनल डे’ आहे म्हणाला. तुमच्या वेळी हे खूळ नव्हतं. वर्षातून एक दिवस सगळ्यांनी युनिफॉर्म बाजूला ठेवून आपापल्या मुलखाचे कपडे घालून कामावर यायचं, आणि ते कुणाच्याच घरात उरलेले नसल्यामुळे आपल्यासारख्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं न्यायचे. मी तुमच्या सवयीनं विचारलं, “कुठला देऊ?” तो म्हणाला, “धनगराचा.” मीही तुमच्याच सवयीनं मान हलवली. “तो ड्रेस आम्ही ठेवत नाही.” तर तो जाईना. काउंटरवर बोटं वाजवत उभा राहिला आणि म्हणाला, “ड्रेस नकोच वो ताई. आमच्या आज्ज्याचं मुंडासं व्हतं, कवठ्याला. घराचं काम काढलं तवा कुठं गेलं कुणाला ठाव न्हाई. कापड मी इकत आणतो. तुम्ही निस्तं बांधायचं कसं तेवढं दावा.” मी त्याला शुक्रवारी ये म्हणून सांगितलं आणि तो गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. दोन गिऱ्हाईकं वाकून आत बघून परत गेली. तुम्ही असता तर बोलला असता.

तुमचं ते ‘कुठला?’ अजून शिरूरमधल्या जुन्या मास्तरांना आठवतं. एसटी स्टँडमागच्या त्या बोळात शाळेचे सर गॅदरिंगच्या घाईत धापा टाकत यायचे, “आप्पा, सहा मावळे आणि एक राजा द्या,” म्हणायचे, आणि तुम्ही चष्म्यावरून बघून विचारायचा, “कुठला राजा?” सर म्हणायचे, राजा तो राजा. मग तुम्ही खुंट्यांकडे वळायचा. ही पगडी पुण्याची, ही बांधूनच ठेवलेली असते, टोपीसारखी घालायची. हे पागोटं, हे रोज नव्यानं डोक्यावर बांधायचं. हा कोल्हापूरचा फेटा, ह्याचा शेमला पाठीवर लोंबता पाहिजे. हा कोळ्याचा रुमाल, पुढून तिकोनी. बायकांच्या पेटीची मुखत्यार आई होती आणि ती तुमच्यापेक्षा कडक होती. पुण्याच्या ब्राह्मणाघरचं लुगडं घोट्यापर्यंत, आपल्याकडं रानात राबणारीचं पोटरीपर्यंत, कोळणीचं गुडघ्यापर्यंत आणि चापून. एकीचं नेसण दुसरीला नेसवलं तर ती भर गॅदरिंगमध्ये स्टेजवर चढून सोडायला कमी करणार नाही, अशी मला कायम भीती असायची. सरांना यातलं काही नको असायचं. त्यांना दाढ्या, पुठ्ठ्याच्या ढाली आणि लवकर पावती हवी असायची. तरी ते पुढच्या वर्षी परत यायचे, कारण तुमच्या मावळ्याचा काष्टा नाचताना सुटत नसे.

दौंड तुमचं फार आवडतं. तिथल्या शाळांचं काम मिळालं की तुम्ही ट्रंका एसटीच्या टपावर चढवून एक दिवस आधीच निघायचा. मी लहान असताना मला वाटायचं की तुम्हाला रेल्वे बघायची असते. एकदा मला बरोबर नेलंत तेव्हा कळलं. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये तुम्ही एका राजस्थानी गँगमनच्या दारात उकिडवे बसला आहात, त्यानं पागोटं सोडून पुन्हा बांधायला घेतलं आहे, आणि तुम्ही त्याचा हात मध्येच धरून म्हणता, “रुको, रुको, ये पीळ कैसा दिया, फिरसे.” तुमच्या हिंदीवर त्याची बायको पदरात तोंड लपवून हसते आहे. पलीकडे एक तेलुगू पॉइंटमन स्वतःचं धोतर कसं निराळं, हे दाखवायला आपणहून येऊन उभा राहिला आहे. परतताना एसटीत तुम्ही माझ्या ओढणीवर तो राजस्थानी पीळ तीनदा करून बघितलात. आख्खा देश दौंडला उतरतो, आपण निस्तं जाऊन बघायचं, असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला इतकं खूश मी क्वचित पाहिलं.

आणि एवढं सगळं माहीत असलेला माणूस स्वतः डोक्याला काय घालायचा, तर पांढरी टोपी. आपल्या घरातली मेंढरं आजोबांच्या हयातीतच गेली, शेती आली, तुम्ही गाव सोडून दुकान टाकलंत. दुकानात मेंढरांचं नाव निघत नसे. दुकानामागंच आपलं घर, त्याच्या मागच्या खोलीत आजोबांचं तांबडं मुंडासं आणि घोंगडी एका वेगळ्या ट्रंकेत होती. तांबडं म्हणायचं एवढंच, त्याचा विटकरीसारखा रंग झाला होता. वर्षातून एकदा तुम्ही ते काढून उन्हात घालायचा, डांबराच्या गोळ्या बदलायचा आणि परत ठेवायचा. कुणी धनगराचा ड्रेस मागितला की तुम्ही ‘ठेवत नाही’ एवढंच म्हणायचा. मला वाटायचं, तुम्हाला लाज वाटते. कारण मला वाटायची. वर्गातल्या मोठ्या बागाईतदारांच्या पोरी मला ‘मेंढरं कुठं बांधलीत गं?’ विचारायच्या आणि मी त्यांच्याबरोबर हसायची.

नववीत होते मी. तुम्ही केडगावला ट्रंका परत आणायला गेला होता, आई गावी होती आणि दुकानात मी एकटी होते. दौंडच्या एका शाळेच्या बाई आल्या. त्यांच्या नाचात सगळे महाराष्ट्राचे पोशाख होते, फक्त एक धनगर कमी होता. बाई रडकुंडीला आल्या होत्या. मला वाटलं, ट्रंकेत पडूनच तर आहे. एका नाचाचा प्रश्न. आप्पांना कळायच्या आत परतही येईल. आणि खरं सांगायचं तर मला मोठं माणूस झाल्यासारखं वाटलं. मी ट्रंक उघडली, मुंडासं आणि घोंगडी काढली आणि मग दुकानाच्या रीतीप्रमाणे जे करायला हवं ते सगळं चोख केलं. आपल्याकडचा कुठलाही कपडा खूण घातल्याशिवाय बाहेर जात नाही. मावळ्याला ‘मा’, पेशव्याला ‘पे’ आणि पुढे आकडा, परीट घालतात तशी बिब्ब्याची खूण, म्हणजे कितीही धुतलं तरी जात नाही. मी बिब्बा दिव्यावर धरला, सुईनं टोचला आणि त्याचं काळं तेल काडीवर घेऊन आजोबांच्या मुंडाशाच्या टोकाला सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘ध १’. शाळेत अक्षरासाठी मला बक्षीस होतं.

मुंडासं व्यवस्थित परत आलं. फाटलं नाही, मळलं नाही. घडी करून मी ट्रंकेत ठेवलं आणि सुटले असं समजले. पण बिब्बा उतला. बोटाला टरारून फोड आला, आणि जेवताना तुम्ही विचारलंत, “बोटाला काय झालं?” तुमच्या गैरहजेरीत एकही नवा ड्रेस दुकानात आलेला नव्हता. मग बिब्बा कशाला लागला? तुम्ही ताटावरून उठलात, मागच्या खोलीत गेलात. गावाहून परतलेली आई म्हणाली, “जेवून तरी जावा की.” तुम्ही बराच वेळ बाहेर आला नाहीत. मी जाऊन दारात उभी राहिले. तुम्ही खाली बसून मुंडाशाचं ते टोक मांडीवर घेऊन बघत होता.

“ह्याला नंबर का घातला?”

“ड्रेसला घालतातच की आप्पा.”

“ह्यो ड्रेस न्हाई,” तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. “हे कापड हाय. माझ्या बापाचं. ड्रेस गॅदरिंग झालं की उतरून ठेवत्यात. माझ्या बापानं हे उतरलं ते मेल्यावर.”

मला रडू आलं. तुम्हाला माझं रडणं एरवी बघवत नसे, पण त्या दिवशी तुम्ही बघत राहिलात. मग भिंतीशी सरकून बसलात, टोपी काढून बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, “नंबर तू घातला. आता बांधाया बी तूच शिकायचं. हिकडं ये.” मी दुकानातलं फेटे बांधायचं लाकडी डोकं आणायला निघाले तर म्हणालात, “लाकडाला काय कळतंय? माझ्या डोस्क्याला बांध.” मी त्याआधी तुमच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. केस एवढे विरळ झालेत हे मला तेव्हा समजलं. खूण असलेलं टोक आधी डाव्या कानावर दाबून धरायचं. पहिला वेढा कपाळावरून सपाट. दुसऱ्यापासून पीळ, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला अर्धा झाकणारा. शेवटचं टोक मागं लोंबू द्यायचं नाही, वेढ्यात खोचून टाकायचं. मी हौसेनं शेमला सोडला तर हातावर चापट बसली. “शेमला कोल्हापूरवाल्यानं सोडावा, त्येला शोभतोय. आपण मेंढरामागं शेमला सोडून हिंडलो तर बोराटीला टांगून ऱ्हाऊ.” मग मला हसू आलं आणि तुम्हालाही आलं. पाचव्या की सहाव्या खेपेला तुम्ही आरशात बघितलंत आणि म्हणालात, “आता कुठं आकडा दिसतोय का बघ.” दिसत नव्हता. ते टोक सगळ्या वेढ्यांच्या खाली, थेट कातडीला टेकलेलं होतं. त्यासाठीच तुम्ही त्या टोकापासून सुरुवात करायला लावली होती, हे मला फार उशिरा उमगलं. दुसऱ्या दिवशी तुमच्या कानामागं पुरळ उठलं. तुम्ही खोबरेल लावलंत आणि आईला घामोळं म्हणून सांगितलंत.

त्यानंतर दरवर्षी गावच्या यात्रेला तुम्ही ते बांधायला लागलात, माझ्या हातून. आधी बांधत नव्हता आणि मग का लागलात, हे मी कधी विचारलं नाही. यात्रेत म्हातारी माणसं तुम्हाला थांबवून म्हणायची, “अगदी बाप दिसतुया.” मी शेजारी उभी असायची आणि मला अजिबात लाज वाटायची नाही. हे तेव्हा सांगायला हवं होतं.

तुम्ही गेलात तो दिवस मी लोकांना बऱ्याचदा सांगितला आहे, म्हणून तो मला पाठ आहे. सकाळी चहा घेतलात, छातीत दुखतंय म्हणालात, आणि गाडी येईपर्यंतही थांबला नाहीत. दुपारपर्यंत गावाकडची माणसं आली. आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं. आई भिंतीशी बसली होती. ती मला म्हणाली, “ट्रंकंतलं मुंडासं आण गं. तू बांध. दुसऱ्या कुणाला येत न्हाई.” जमलेल्या पुरुषांपैकी कुणी हरकत घेतली नाही, उलट दोघं बाजूला सरकले. मी आत गेले. बाहेर येऊन सांगितलं, सापडत नाही. माणसं खोळंबली होती. काकांचा मुलगा पळत दुकानात गेला आणि त्यातल्या त्यात भारी म्हणून लग्नातला भगवा जरीचा फेटा घेऊन आला. तुमच्या डोक्याला तो कुणीतरी कोल्हापुरी पद्धतीनं बांधला, शेमला छातीवर घेतला. सगळे म्हणाले, आप्पा राजासारखे दिसतात. कुठला राजा, ते विचारायला तुम्ही नव्हता. त्या फेट्याच्या आतल्या टोकाला ‘को ४’ अशी खूण होती, माझ्याच हातची. तुम्ही ड्रेसमध्ये गेलात, आप्पा.

आईला मी नंतर सांगितलं की गडबडीत ट्रंकेची किल्लीच मिळाली नाही. तिनं ते मानलं. निदान मला तसं दाखवलं. आता तीही नाही, आणि त्या माणसाला शुक्रवारी बोलावून बसले आहे, तेव्हा एकदा खरं लिहून ठेवते. हा कागद ट्रंकेतच राहील, दुसरीकडे तो पाठवायला जागा नाही. त्या माणसाला मी विकतचं कापड आणू देणार नाही. आजोबांचंच त्याच्या डोक्याला बांधून दाखवीन, आणि त्यानं त्या टोकाकडे बघून विचारलं की हे काय आहे, तर हे माझं अक्षर आहे म्हणून सांगेन.

किल्ली माझ्या कमरेलाच होती. मुंडासं मी ट्रंकेतून काढलं होतं, ते माझ्या दोन्ही हातांत होतं, आणि ते टोक वरच आलं होतं. बाहेर आख्खी भावकी उभी होती. सगळ्यांसमोर ते उलगडलं असतं तर आपल्या बापाच्या बापाच्या मुंडाशावर मी काय लिहून ठेवलंय ते दिसलं असतं, म्हणून मी ते परत ठेवलं आणि झाकण लावलं. तुम्ही शिकवलं होतंत तसं बांधलं असतं, तर आकडा पहिल्याच वेढ्यात आत गेला असता आणि कुणाला दिसला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं.