आरशासारखी चकती

ठाणे, ता. ८ मार्च १९६४

माह्या मायले, अन् हे वाचून दाखवणाऱ्या कलाले, इंद्रभानचा जयभीम.

मी खुशाल आहे, पोटभर जेवतो. डोळ्यात लोखंडाचा चुरा गेला व्हता, तो निघाला. त्याची कायजी करू नको.

कारखान्यात दोन नळ जोडतात तवा त्याइच्या तोंडाले लोखंडाच्या जाड चकत्या असतात, त्याले फ्लँज म्हणतात. दोन चकत्यांच्या मधात रबराचं पॅकिंग ठेवून बोल्ट आवळतात. पहिली चकती मी एकट्यानं लेथ मशिनीवर कापली अन् पॉलिश पेपरानं घासून घासून तिचा आरसा केला. पाणी सोडलं तं जोडातून पिचकारीच उडाली. रंगराव मिस्त्री म्हणे, "आरसा काऊन केला बे? पॅकिंग धरीन कशाले?" सारे हासले.

मले तुहं जातं आठवलं. ते गुळगुळीत झालं की दाणे अर्धेमुर्धे भरडून निघत. मंग टाकीवाली येऊन छन्नीनं त्याले खडबडीत करे. दुसऱ्या चकतीवर मी बारीक गोल रेघा कापल्या, नखाले लागतीन इतक्याच. एक थेंब नाही गळला.

सोमवारी माह्या बारा चकत्या तपासतीन, मंगच मले नोकरीत कायम करतीन. गळली तं पुन्हा कापीन, पण तोंड लपवून गावाले येणार नाही.

दळताना तुहा खांदा दुखते, असं कलानं लिहिलं. जातं पुन्हा गुळगुळीत झालं काय? मी येतो तोवर कलाले दळाले सोबत बसव. औंदा टाकीवालीले बोलावू नको. वैशाख पौर्णिमेले मीच छन्नी घेऊन येतो.

तुहा,
इंद्रभान