अंशुमनला विचारलेला प्रश्न

मी, रेव्हरंड डॉ. भास्कर शमुवेल आढाव, वय वर्षे चौऱ्याहत्तर, जन्म अहमदनगर, गेली बेचाळीस वर्षे मुक्काम साउथहॅम्प्टन, काम ईश्वरविद्या शिकवणे आणि सरकारदरबारी इतरांच्या धर्मासाठी भांडणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. त्याची खात्री करायला डॉ. वैजयंती ओगले यांनी काल मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्या मध्येच "पुरे, काका" म्हणाल्या, पण मी दोनापर्यंत जाऊनच थांबलो.

सोबत इंग्रजी तर्जुमा जोडला आहे. दोहोंत फरक आढळल्यास मराठी खरे धरावे. इंग्रजीत मी जन्मभर युक्तिवाद केले. कबुली द्यायची ती मराठीतच देतो.

कलम १. मार्च १९९९ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात अशी अट होती की राहते घर माझी एकुलती एक मुलगी आसावरी हिला मिळावे, पण तिच्या नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला असेल तरच; नाहीतर घर विकून पैसे बायबल कॉलेजला जावेत. धर्मस्वातंत्र्यावर चार पुस्तके लिहिणाऱ्या माणसाने ही अट घातली होती. वाचून कोणाला हसू आले तर हसावे.

कलम २. तेच घर आता आसावरीला कोणत्याही अटीशिवाय देतो. तिने त्यात राहावे, ते विकावे किंवा माझ्या अभ्यासिकेत देव्हारा मांडावा. मृत्युपत्राची व्यवस्था पाहणारीही तीच.

कलम ३. पुस्तकांपैकी ग्रीक आणि हिब्रू माझ्या जुन्या कॉलेजला. निर्वासितांच्या खटल्यांचे माझे सत्तावीस अहवाल जो कोणी तरुण वकील मागेल त्याला फुकट द्यावेत. माझी स्वतःची चार पुस्तके कोणी मागणार नाही, ती डेरेककडे द्यावीत. डेरेक पामर म्हणजे माझा शेजारी, गोदीवरचा निवृत्त क्रेनचालक. त्याचे एक टेबल डुगडुगते.

कलम ४. आमच्या चर्चच्या मंडळीचे माजी विश्वस्त मि. गिल्बर्ट हॉब्स यांना माझ्या एका उपदेशाची शेवटची नऊ पाने देतो. १९८८ साली गावातल्या मुसलमानांना प्रार्थनेसाठी सभागृह बांधू द्यावे म्हणून मी कौन्सिलपुढे साक्ष दिली, त्यानंतरच्या रविवारी हॉब्ससाहेब माझ्या उपदेशाच्या मध्येच टोपी उचलून चालते झाले. पुढे दोन वर्षे मला व्यासपीठ मिळाले नाही. मूळ मुद्दा त्या नऊ पानांतच होता. त्यांनी आता सावकाश बसून वाचावीत.

कलम ५. माझी दिवंगत पत्नी नंदा हिची मोतिया रंगाची साडी आसावरीला. १९९९ च्या जूनमध्ये नंदा मला म्हणाली, "एजवेअरला महिलांची प्रार्थनासभा आहे, संध्याकाळी येते." मी मान डोलावली. त्या दिवशी तिथे आसावरीचे लग्न होते हे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होते. दोन दिवसांनी तिच्या पर्समध्ये चष्मा शोधताना अक्षता सापडल्या. मी पर्स मिटून ठेवली. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली, तरी त्यावर आम्ही एक अक्षर बोललो नाही. आमच्या संसारातली माझी सर्वांत मोठी चूक तीच. तिला मी एकटीला जाऊ दिले.

कलम ६. माझ्या आजोबांच्या बाप्तिस्म्याचा १८९१ चा दाखला माझी नात कस्तुरी, वय पाच, हिला. तिला मी फक्त फोटोत पाहिले आहे. दाखल्याबरोबर ही हकिकतही तिला सांगावी. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा भावांनी त्यांना घराबाहेर काढले आणि गावाने पाणी तोडले. त्यांची आई मात्र रोज दोन भाकऱ्या फडक्यात बांधून शेताच्या बांधावर ठेवून जायची. ती कधी ख्रिस्ती झाली नाही. मुलाचा नवा देव तिला पटला नाही, पण मुलाला भूक लागते एवढे तिला कळत होते. माझी सारी ईश्वरविद्या त्या बांधावर सुरू झाली असे मी सभांमधून सांगत आलो. लोक डोळे पुसायचे. घरी माझी स्वतःची मुलगी सात वर्षे बांधापलीकडे उभी होती.

गेल्या नाताळात आसावरीने शुभेच्छांचा फोन केला आणि मधेच तो कस्तुरीकडे दिला.

"आजोबा, तुमचा घर कुठे आहे?"

"साउथहॅम्प्टनला. ट्रेनने अडीच तास लागतात."

"दॅट्स नॉट फार. मग तू का नाही येतो?"

मी तिला म्हणालो, फोन आईला दे.

कलम ७. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण याच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही.

फेब्रुवारी १९९९ मध्ये अंशुमन सबनीस नावाचा मुलगा आमच्या घरी आला. नागपूरचा, लंडनमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत. आसावरीशी लग्न करायचे म्हणून बाप्तिस्मा घ्यायला तयार होता. मी त्याला समोर बसवून तीन तास प्रश्न विचारले. त्याने लूकचे शुभवर्तमान आणि रोमकरांस पत्र वाचले होते, वहीत टिपणे काढली होती. माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपेक्षा त्याची तयारी बरी होती. शेवटी मी विचारले, "आसावरी नसती तर तू या दारात आला असतास का?"

तो म्हणाला, "नसतो आलो, काका. खोटं कशाला बोलू?"

"मग तुझी श्रद्धा खरी नाही. मी तुला बाप्तिस्मा देणार नाही आणि हे लग्नही लावणार नाही."

"खरी नाही हे तुम्ही कसं ठरवलंत? मलाच अजून ठरवता आलेलं नाही."

मी वही मिटून त्याच्या हातात दिली. आसावरी दारात उभी होती. "बाबा, जगाला सांगत फिरता ना, कोणाच्या मनात कोणी डोकावू नये? आणि आपल्याच सिटिंग रूममध्ये तुम्ही काय केलंत?" मी म्हणालो, "ते वेगळं." ती म्हणाली, "हाउ इज इट डिफरंट, बाबा?" मी आवाज चढवला. दोघे गेले. पुढच्या महिन्यात मी वकील गाठून ते अटीचे मृत्युपत्र केले.

पाच वर्षांनी, २००४ मध्ये, मी एका निर्वासिताच्या अपिलात साक्षीला उभा होतो. तो इथे येऊन ख्रिस्ती झाला होता आणि परत पाठवले तर मायदेशी त्याच्या जिवाला धोका होता. सरकारी वकिलाने त्याला बारा प्रेषितांची नावे विचारली. तो आठावर अडला. मी सांगितले की मीही दुपारी तीननंतर नवावर अडतो आणि मला तर त्याचा पगार मिळतो. सगळे हसले, मी खुशीत होतो. तेवढ्यात वकिलाने त्या माणसाला विचारले, "परत पाठवले जाण्याची भीती नसती तर तुम्ही त्या चर्चच्या दारात गेला असतात का?"

तो म्हणाला, "कदाचित नाही."

मी नेहमीप्रमाणे ठासून म्हणालो, "माणूस कोणत्या वाटेने दारापर्यंत आला यावरून त्याला आत कोण भेटलं हे ठरत नाही. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या जगात कोणालाच..." आणि वाक्य अर्धे राहिले. तो प्रश्न माझा होता. भीतीच्या जागी आसावरीचे नाव घातले की अंशुमनला विचारलेला तोच. मी पाणी मागितले. न्यायाधीशांना वाटले वयामुळे. तो माणूस जिंकला आणि बाहेर येऊन माझ्या पाया पडला. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

तरीही मी एजवेअरला, आसावरी-अंशुमनच्या घरी, गेलो नाही. आणखी दोन वर्षे गेली. ईश्वरविद्येत याला फार मोठी नावे आहेत. आमच्या नगरकडे याला ताठा म्हणतात.

कलम ८. मला नंदाशेजारी पुरावे. गाणी मराठी, नगरच्या कीर्तनाच्या चालीवर, टाळ असावेत. स्तुतिपर भाषणे नकोत. येणाऱ्यांना त्यांचा धर्म विचारू नये. चहा मात्र सर्वांना विचारावा.

कलम ९. या कलमाच्या मसुद्यात असे होते: "अंशुमन, मी तुझ्यावर अन्याय केला. तुझे उत्तर खरे होते आणि मी शिक्षा खरेपणाला दिली. मला क्षमा कर."

मसुदा तपासायला माझी वकील मनीषा परवा हाउन्सलोहून आली होती. तिने हे दोनदा वाचले.

"काका, अपॉलॉजी विलमध्ये घालायला लीगली काहीच प्रॉब्लेम नाही. पण विल ओपन होणार तुमच्यानंतर. मग त्यांनी उत्तर कोणाला द्यायचं?"

मी म्हणालो, "उत्तराची मला अपेक्षा नाही."

"म्हणजे परत तुम्हीच बोलणार आणि ते ऐकणार."

पोरगी बत्तीस वर्षांची आहे. चाळीस वर्षांच्या अध्यापनात मला असा विद्यार्थी लाभला नाही.

म्हणून कलम ९ पुढीलप्रमाणे बदलतो. आज साक्षीदारांच्या सह्या होताच मी सव्वाबाराची गाडी धरून वॉटर्लूला आणि तिथून ट्यूबने एजवेअरला जाणार आहे. फोन केलेला नाही. वरची तीन वाक्ये मी अंशुमनला समोरासमोर म्हणेन. नंतर त्याने मला हवे ते, हवा तितका वेळ विचारावे. मी काहीही तयारी करून जात नाही. त्याने दार न उघडण्याचे ठरवले तर तो त्याचा हक्क आहे, आणि मी पुढच्या शनिवारी पुन्हा जाईन, त्याच्या पुढच्याही.

हे मृत्युपत्र उघडेल तेव्हा ती तीन वाक्ये अंशुमनने माझ्या तोंडून ऐकलेली असली, तर हे कलम खोडून टाकावे. नसली, तर आसावरीने ते त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मी वाटेत होतो एवढे सांगावे.

वरील मजकूर माझा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत, अंगात कोट घालून, सही करत आहे.

(सही) भास्कर शमुवेल आढाव

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो, सही आमच्यासमोर झाली.

साक्षीदार १: (सही) डॉ. वैजयंती ओगले, भूलतज्ज्ञ, साउथहॅम्प्टन
साक्षीदार २: (सही) जोन विटकॉम, निवृत्त ग्रंथपाल, साउथहॅम्प्टन (डेरेकला पुस्तके मिळणार असल्याने कायद्याने त्याची सही चालत नाही, तो बाहेर गाडी सुरू करून बसला आहे.)

स्थळ: साउथहॅम्प्टन
दिनांक: शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, सकाळी साडेअकरा